चित्र कोणाच्या मालकीचे?

बारावीचा निकाल लागलेला असतो. घरोघरी पेढे वाटून झालेले असतात. आता अभियांत्रिकी की वाणिज्य एवढाच प्रश्न उरला आहे, असे वडिलांनी गृहीत धरलेले असते. आणि नेमक्या त्याच वेळी मुलगी चित्रांची वही पुढे ठेवून सांगते, की तिला चित्रकार व्हायचे आहे. तेही निसर्गचित्रे किंवा व्यक्तिचित्रे काढणारी चित्रकार नव्हे. तिला संगणकावरील आणि पत्त्यांच्या खेळांसाठी, अद्भुत कथांच्या पुस्तकांसाठी पंखधारी सर्प, ओसाड किल्ले, मायावी अरण्ये आणि ढाल-तलवार पेललेले योद्धे रंगवायचे आहेत. नोकरी करायची नाही. घरी बसून देशोदेशीच्या प्रकाशकांची कामे घ्यायची आहेत. घरात क्षणभर शांतता पसरते. मग सर्वांच्या मनातला प्रश्न आजोबा विचारतात, "अगं, पण याने पोट भरेल का?"

हा प्रश्न काळजीपोटी आलेला आहे आणि तो रास्तही आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाने पै पै जोडून मुलांना शिकवलेले असते. त्याला असा प्रश्न पडू नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो अपुरा आहे. पाश्चात्त्य देशांत हा व्यवसाय स्थिरावून अर्धशतक उलटून गेले. या काळातील चित्रकारांच्या आयुष्यांवर नजर टाकली, तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. कौशल्य तर बहुतेकांकडे होतेच. आपण नेमके काय विकत आहोत आणि काय राखून ठेवत आहोत, हे ज्याला उमगले, त्याच्या हाती आयुष्यभराची पुंजी राहिली. ज्याला ते उमगले नाही, त्याची चित्रे लोकांच्या घरोघरी पोहोचली आणि तो मात्र मागे राहिला. म्हणून खरा प्रश्न पोटाचा नसून मालकीचा आहे.

अद्भुताचा बाजार

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. खेळाडूंनी एकेक पात्र घ्यायचे, एका सूत्रधाराने कथा पुढे न्यायची आणि संकटाच्या क्षणी फासे टाकून निर्णय करायचा, असे त्याचे स्वरूप. बाकी सारे घडते ते खेळाडूंच्या कल्पनेत. साहजिकच त्या कल्पनेला आकार देणाऱ्या चित्रांना अपार महत्त्व आले. पुढे १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ बाजारात आला. पहिल्याच संचात सुमारे ३०० पत्ते होते आणि त्यांवर चित्रकारांनी मुद्दाम काढलेली चित्रे होती. त्यानंतर दरवर्षी नवे संच निघत गेले. जोडीला संगणकीय खेळांचे विश्व विस्तारले. अशा रीतीने पूर्वी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर गुजराण करणाऱ्या चित्रकारांना नवे क्षेत्र खुले झाले.

या कामाची रीत ठरलेली आहे. प्रकाशकाचा कलादिग्दर्शक चित्रकाराला चार-दोन ओळींचे वर्णन पाठवतो: पात्र कोण आहे, काय करीत आहे, प्रकाश कोठून येतो आहे, भाव कोणता हवा. चित्रकार दोन-तीन कच्ची रेखाटने देतो. त्यांतील एक पसंत होते, दुरुस्त्या सुचवल्या जातात आणि ठरल्या मुदतीत अंतिम चित्र द्यावे लागते. पत्ता असतो जेमतेम अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच. त्यातही चित्राला मिळते ती वरची निम्मी जागा. एवढ्याशा चौकटीत योद्धा, राक्षस आणि पर्वत हे तिन्ही एका दृष्टिक्षेपात ओळखू आले पाहिजेत. शरीररचना, यथार्थदर्शन, वस्त्रांच्या चुण्या, धातूची चकाकी या सर्वांचा वर्षानुवर्षे अभ्यास केल्याशिवाय हे साधत नाही. ज्यांना हा पोरखेळ वाटतो, त्यांनी एकदा एक घोडा समोरून रेखाटून पाहावा.

मोबदला मात्र बहुधा एकरकमी असतो. चित्र दिले, पैसे मिळाले, विषय संपला. आजारपणाची रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, पुढच्या महिन्यात काम मिळेल याची हमी नाही. मुक्त व्यावसायिक म्हणवणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य हे असे असते. तेव्हा त्याला आधार तो कशाचा? याचे उत्तर एका माणसाच्या कारकिर्दीत सापडते.

ज्याने राखले

फ्रँक फ्रॅझेटा यांचा जन्म १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आठव्या वर्षी ते तेथील एका छोट्या कलाशाळेत दाखल झाले आणि विशी गाठण्यापूर्वीच चित्रकथांच्या धंद्यात शिरले. पुढे सुमारे नऊ वर्षे त्यांनी एका गाजलेल्या चित्रमालिकेच्या कर्त्याकडे साहाय्यक म्हणून काम केले. चित्रे त्यांच्या हातची, नाव मालिकेच्या कर्त्याचे. वेतन स्थिर होते; पण स्वतःचे असे काही साठत नव्हते. साठच्या दशकाच्या प्रारंभी ते तेथून बाहेर पडले, तेव्हा त्यांची शैली जुनी झाली असे सांगून प्रकाशकांनी त्यांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. घरी बायको-मुले होती.

तेथून त्यांनी पुन्हा प्रारंभ केला. स्वस्त कागदी बांधणीच्या पुस्तकांची मुखपृष्ठे ते करू लागले. १९६६ मध्ये 'कॉनन' या रानटी योद्ध्याच्या कथांसाठी त्यांनी केलेले मुखपृष्ठ इतके गाजले, की अद्भुतकथांच्या चित्रणाची सारी रीतच त्यानंतर बदलली. आज कोठल्याही संगणकीय खेळात बलदंड योद्धा खडकावर उभा दिसतो, तेव्हा त्याच्या मुळाशी फ्रॅझेटांची ती चित्रे असतात.

परंतु येथे सांगण्याजोगी गोष्ट त्यांच्या कुंचल्याइतकीच त्यांच्या व्यवहाराची आहे. त्या काळी मुखपृष्ठाचे मूळ चित्र प्रकाशकानेच ठेवून घ्यायचे, अशी सर्रास प्रथा होती. अनेक ठिकाणी ती चित्रे कपाटांत धूळ खात पडली, कुणी उचलून नेली, काही फेकलीही गेली. फ्रॅझेटांनी मूळ चित्र परत मिळण्याचा आग्रह धरला आणि छपाईचे हक्क शक्य तेथे स्वतःकडे ठेवले. या व्यवहाराची धुरा त्यांच्या पत्नी एली यांनी वाहिली. पतीच्या चित्रांची भित्तिपत्रके छापून विकण्याचा उद्योग त्यांनी उभा केला. एकदाच मुखपृष्ठासाठी वापरले गेलेले चित्र पुढे वर्षानुवर्षे घराला उत्पन्न देत राहिले. पुढे पेनसिल्व्हेनियात त्यांच्या चित्रांचे संग्रहालय उभे राहिले.

उतारवयात फ्रॅझेटांना पक्षाघाताचे अनेक झटके आले आणि त्यांचा उजवा हात जवळजवळ निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने रंगवण्याचा सराव केला. ही जिद्द वंदनीय आहेच. पण केवळ रोजच्या मजुरीवर अवलंबून असलेल्या चित्रकाराला हात थांबल्यावर सरावाची उसंत कोण देणार? राखलेल्या हक्कांनी त्यांना ती उसंत दिली. २००९ मध्ये त्यांचे कॉननचे एक चित्र १० लाख डॉलरना विकले गेले. २०१० मध्ये ते निवर्तले. १९६९ मध्ये एका भयकथांच्या नियतकालिकासाठी त्यांनी रंगवलेली इजिप्तची राणी २०१९ च्या लिलावात ५४ लाख डॉलरना गेली. ते चित्र प्रकाशकाच्या कपाटात राहिले असते, तर?

ज्यांचे दूर गेले

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या खेळाडूंसाठी १९७८ मध्ये निघालेल्या नियमपुस्तकाचे मुखपृष्ठ डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी रंगवले होते. एक विक्राळ मूर्ती, तिच्या डोळ्यांतील रत्न उचकटणारे चोर आणि खाली दमून-भागून मसलत करणारे साहसवीर, असे ते दृश्य त्या पिढीच्या खेळाडूंच्या मनावर कोरले गेले. एका नियतकालिकातील त्यांची चित्रमालिका १९७७ पासून चालू होती. १९८८ मध्ये ती कथेच्या मध्यावरच थांबली आणि ट्रॅम्पियर या क्षेत्रातून दिसेनासे झाले. पुढे २००२ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्बनडेल या गावातील एका विद्यार्थी वृत्तपत्रात टॅक्सीचालकांवर लेख आला. त्यातला चालक हाच, हे तेव्हा चाहत्यांच्या ध्यानात आले. २०१४ मध्ये त्याच गावी त्यांचे निधन झाले. टॅक्सी चालवणे हे कष्टाचे आणि सन्मानाचेच काम आहे. खंत आहे ती एवढीच, की ज्याचे चित्र लक्षावधी लोक ओळखत होते, त्या माणसाला कोणी ओळखत नव्हते.

'मॅजिक'च्या पत्त्यांतील 'ब्लॅक लोटस' म्हणजे काळे कमळ हा पत्ता संग्राहकांत सर्वांत दुर्मीळ मानल्या जाणाऱ्या पत्त्यांपैकी एक आहे. त्यावरील चित्र ख्रिस्तोफर रश यांचे. २०१६ मध्ये ते वारले. २०२१ च्या जानेवारीत तो पत्ता ५,११,१०० डॉलरना विकला गेला; ज्या पारदर्शक डबीत तो होता, तिच्यावर रश यांची स्वाक्षरी होती. पत्ता ज्याच्या हाती, त्याला पैसा. ज्याच्या हातून चित्र उतरले, त्याचा त्या फेरविक्रीत वाटा नाही. यात कोणी कायदा मोडलेला नाही. व्यवहाराची रचनाच अशी आहे, आणि म्हणूनच चित्रकाराने ती अगोदर समजून घेतली पाहिजे.

या रचनेत चित्रकाराला एक आधार अजूनही होता. छपाईचा हक्क कंपनीकडे गेला, तरी तैलरंगात केलेले मूळ चित्र त्याच्याजवळ राही. ते तो संग्राहकाला विकू शके, आणि पुष्कळदा त्याची किंमत मूळ मानधनाहून अधिक येई. संगणकाच्या पडद्यावर रंगवण्याची रीत आली आणि हा आधार निसटला. काम जलद झाले, दुरुस्त्या सोप्या झाल्या, रंगांचा खर्च वाचला. पण मूळ चित्र असे काही उरलेच नाही. जी फाइल प्रकाशकाकडे गेली, तीच चित्रकाराकडे राहिली. सोय वाढली आणि ठेव गेली. आजही या क्षेत्रातील काही चित्रकार हट्टाने फलकावर तैलरंगात काम करतात. त्यामागे परंपरेचे प्रेम आहे, तसा हा रोकडा हिशेबही आहे.

आता नावाचीच उचल

येथपर्यंत चित्राची मालकी जात होती. २०२२ मध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. ग्रेग रुटकोव्स्की हे पोलंडचे चित्रकार. युरोपातील जुन्या आचार्यांच्या धाटणीने ते अग्निसर्प, वादळी आकाश आणि रणांगणे रंगवतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणि 'मॅजिक' या दोन्ही खेळांसाठी त्यांनी काम केले आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'स्टेबल डिफ्यूजन' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रप्रणाली सर्वांसाठी खुली झाली. शब्दांत वर्णन लिहावे आणि काही क्षणांत चित्र मिळावे, अशी तिची किमया. वर्णनाच्या शेवटी 'ग्रेग रुटकोव्स्की' हे नाव जोडले, की चित्राला विशेष भव्यता येते, असा शोध वापरणाऱ्यांना लागला. अशा वर्णनांची नोंद ठेवणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांचे नाव सुमारे ९३,००० वेळा वापरले गेल्याचे सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच नोंदीत पिकासो आणि लिओनार्दो दा व्हिंची यांची नावे प्रत्येकी सुमारे २,००० वेळा किंवा त्याहूनही कमी होती.

हा सन्मान नव्हे. त्यांचे नाव शोधले, की त्यांनी कधीही न काढलेली चित्रे समोर येऊ लागली. ही प्रणाली ज्या संग्रहावर शिकवली गेली, तो महाजालावरून गोळा केलेल्या कोट्यवधी चित्रांचा होता. त्यांत हयात चित्रकारांचे काम होते आणि ते त्यांना विचारून घेतलेले नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये कार्ला ऑर्टिझ, सारा अँडरसन आणि केली मॅक्कर्नन या तीन चित्रकारांनी अशा कंपन्यांविरुद्ध सॅन फ्रान्सिस्को येथील संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुधारित दाव्यात रुटकोव्स्कीही वादी झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी स्वामित्वहक्कभंगाचे आरोप फेटाळण्यास नकार देऊन ते पुढे चालवण्यास अनुमती दिली.

या प्रणालींच्या समर्थकांचा एक युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. नवशिका चित्रकारही जुन्यांची चित्रे पाहूनच शिकतो. मग यंत्राने तेच केले तर बिघडले कोठे? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु शिकणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. घराण्याचा गायक गुरूपुढे वर्षानुवर्षे बसतो, त्यांची तान गळ्यावर चढवतो. आणि मैफलीत गुरूंचे नाव घेताना त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. त्या एका कृतीत ऋणाचा स्वीकार असतो. येथे नाव घेतले जाते ते ऋण मान्य करण्यासाठी नव्हे, तर ज्याचे नाव त्यालाच कामावरून वगळण्यासाठी. शिष्य एक असतो आणि यथावकाश त्याला स्वतःचा आवाज सापडतो. यंत्र एकाच वेळी लक्षावधींना तोच आवाज उसना देते आणि त्याचे भाडे यंत्राचा मालक घेतो.

दुसरा आक्षेप असा, की यंत्राला विरोध करणे म्हणजे प्रगतीला विरोध करणे. हाही नीट तपासला पाहिजे. मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्या विणकराचे पोट मारले, हे इतिहासाने नोंदवले आहे. पण त्या गिरण्यांनी कापूस तरी विकत घेतला होता. येथे कच्चा माल म्हणजे चित्रकाराची हयात, आणि तीच फुकट उचलली गेली. यंत्र वापरावे की नाही, हा वाद वेगळा. ज्याच्या मालावर यंत्र चालते, त्याला विचारावे आणि त्याचे मोल चुकते करावे, ही मागणी साध्या सचोटीची आहे.

ग्राहक जागा असेल तर फरक पडतो, हेही दिसून आले आहे. 'मॅजिक'ची प्रकाशक कंपनी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' हिने जानेवारी २०२४ मध्ये एक जाहिरातचित्र प्रसिद्ध केले. ते माणसाच्या हातचे असल्याचे तिने प्रथम ठासून सांगितले. खेळाडूंनी चित्रातील विसंगती दाखवून दिल्यावर काही दिवसांतच पार्श्वभूमीत यंत्रनिर्मित भाग असल्याची कबुली तिला द्यावी लागली. चित्रकारांच्या बाजूने उभे राहिले ते पत्ते खेळणारे सामान्य ग्राहक.

आपल्या अंगणात

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. आपल्याकडे या प्रश्नाचा अनुभव जुना आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस सुरू केला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घराघरांत देवदेवतांच्या तसबिरी पोहोचल्या त्या या छापखान्यामुळे. परंतु कारभार झेपेना, कर्ज वाढले आणि अखेरीस छापखाना अनेक चित्रांच्या छपाईहक्कांसह फ्रित्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. कुंचला राजाचा आणि पुढची मिळकत दुसऱ्याची. याउलट गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल. हजारो मुखपृष्ठे करणाऱ्या या चित्रकाराने १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' हा वार्षिक अंक काढला. दुसऱ्यांच्या पुस्तकांना रूप देणाऱ्या हाताला त्यामुळे स्वतःचे दालन मिळाले.

कायदा काय सांगतो? १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात चित्रकार हाच चित्राचा पहिला मालक, हे तत्त्व आहे. पण त्याला अपवाद आहेत. कलम १७ नुसार कोणी मोबदला देऊन रंगचित्र वा व्यक्तिचित्र काढवून घेतले आणि उलट करार नसला, तर पहिला मालक ठरतो तो पैसे देणारा. म्हणजे करार न करता गप्प बसणे हाच येथे चित्रकाराचा तोटा. कलम १९ मात्र त्याच्या बाजूचे आहे: हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी केला पाहिजे, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते मानले जाते. कलम ५३-अ तर मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास चित्रकाराला त्यात वाटा देते. अट एवढीच, की तो त्या चित्राच्या हक्काचा पहिला मालक असला पाहिजे. अमेरिकेत रश यांना जो वाटा छापील पत्त्यावर मिळणे शक्यच नव्हते, तो मूळ चित्राच्या बाबतीत तरी आपल्या कायद्याने मान्य केला आहे.

याखेरीज कलम ५७ आहे. हक्क विकल्यानंतरही निर्मात्याचे नाव आणि त्याच्या कृतीची प्रतिष्ठा अबाधित ठेवण्याचा अधिकार ते त्याला देते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले. त्यांनी सरकारविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कलाकृती विकली तरी कलावंताचा सन्मान विकला जात नाही, हे या निकालाने सांगितले.

या क्षेत्रात आपली माणसे उतरूही लागली आहेत. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने घडवलेला 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भावाच्या शोधात असुरांशी झुंजणारी राजी ही मुलगी त्याची नायिका. आणि त्यातील दृश्यांना राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैली यांचा आधार आहे. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसल्यावरही या मंडळींनी काम सोडले नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये सजीवपट, दृश्यपरिणाम आणि खेळ या क्षेत्रांसाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास मंजुरी दिली. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि स्वामित्वहक्क यांचा मेळ कसा घालावा, यासाठी एप्रिल २०२५ मध्ये समितीही नेमली गेली. शासन आपल्या परीने पावले टाकीत आहे. समाजाने आपली टाकायची आहेत.

आरंभ घरापासून

पहिले पाऊल शिक्षणसंस्थांचे. कलाशाळेत छायाप्रकाश आणि शरीररचना शिकवली जाते, तसा करारनामा वाचायलाही शिकवला पाहिजे. हक्क कायमचा दिला की पाच वर्षांसाठी, एका खेळापुरता की सर्व माध्यमांसाठी, चित्रावर नाव राहणार की नाही, काम मध्येच रद्द झाले तर किती रक्कम मिळणार, चित्र यंत्राला शिकवण्यासाठी वापरता येईल की नाही, एवढे पाच प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असावेत.

दुसरे पाऊल कुटुंबाचे. फ्रॅझेटांच्या यशात एली यांचा वाटा किती मोठा होता, हे आपण पाहिले. मुक्त चित्रकाराला घरात हिशेब पाहणारा, पत्रव्यवहार सांभाळणारा, 'सही करण्यापूर्वी रात्रभर थांब' असे सांगणारा कोणीतरी हवा असतो. बँकेतून वा कचेरीतून निवृत्त झालेल्या वडिलधाऱ्यांइतके या कामाला योग्य दुसरे कोण आहे? मुलीच्या हातात कला आहे आणि आजोबांच्या गाठी चाळीस वर्षांचा कागदपत्रांचा अनुभव आहे. दोन्ही एका टेबलावर आले, की त्या घरातच एक पेढी उभी राहते.

तिसरे पाऊल सर्वांत अवघड, कारण ते स्वतःकडे बोट दाखवणारे आहे. उत्सवाचा फलक, स्मरणिकेचे मुखपृष्ठ, शोभायात्रेचा चित्ररथ, व्याख्यानमालेची पत्रिका ही कामे आली, की सामाजिक संस्थांना परिचयातला चित्रकार आठवतो. "आपलाच माणूस आहे, करून देईल," असे म्हटले जाते आणि तो करूनही देतो. मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे आणि छापखान्याचे बिल विनातक्रार चुकते होते. चित्रकाराच्या वाट्याला श्रीफळ आणि शाल. पुष्कळदा चित्राखाली त्याचे नावही नसते. हल्ली तर यंत्राने काढलेले चित्र लावून त्याचीही गरज उरत नाही. स्वेच्छेने केलेली सेवा पवित्र आहे. पण न विचारता गृहीत धरलेली सेवा म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावरचा हक्क. परदेशी कंपन्यांनी चित्रकाराचे काम न विचारता उचलले म्हणून संताप व्यक्त करायचा, तर आपल्या स्मरणिकेचे पान आधी उलटून पाहिले पाहिजे. चित्रकाराला मोबदला विचारावा, तो देता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, आणि काही झाले तरी त्याचे नाव छापावे. याला कोणताही कायदा लागत नाही.

त्या घरातील शांततेकडे पुन्हा वळू. चित्रांची वही अजून टेबलावर उघडी आहे. आजोबांचा प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो एक पायरी पुढे न्यायला हवा. पोट भरेल का, याचे उत्तर मुलीच्या मेहनतीवर आणि बाजाराच्या लहरीवर अवलंबून राहील. ते आज कोणीच देऊ शकत नाही. पण तिच्या हातून उतरलेल्या चित्रावर तिचे नाव आणि तिचा हक्क राहील का, याचे उत्तर मात्र बरेचसे त्या घराच्या हाती आहे. आजोबांनी चष्मा पुसावा, वही चाळावी आणि म्हणावे, "काढ तू चित्रे. पहिला करारनामा आला, की आधी मला वाचायला दे."